गाठीपाशी

उत्खननात सापडलेल्या चार हजार वर्षांपूर्वीच्या फळीवर लाकूड तासायच्या वाकसाचे घाव दिसत होते. गाठीपाशी मात्र सुताराचा हात घसरून आडवा ओरखडा उमटला होता. त्या एका ओरखड्यावर तिचं तीन वर्षांचं संशोधन उभं होतं. घाव वाचायला तिने हक्काचा जाणकार प्रयोगशाळेत आणला: जन्मभर सुतारकाम केलेले बाबा. बाहेर फोनवर बोलून ती परतली, तर टेबलावर भुसा पडलेला. खिशातल्या पॉलिशपेपरने बाबांनी ओरखडा घासून फळी गुळगुळीत केली होती. “बाबा, हे काय केलंत!” “अगं, बिचाऱ्याची चूक चारचौघांत कशाला? आमच्यात दुसऱ्याचं काम हाती आलं, की चूक गुपचूप झाकतात.” तिच्या धंद्यात झाकायची सोय नव्हती. प्रयोगशाळेच्या फॉर्मवरच्या ‘नुकसान कोणी केले?’ या छापील रकान्यात तिने बाबांचं नाव लिहिलं. बाबांना स्वतःचं नाव तेवढंच वाचता यायचं. ते हरखले. “माझं नाव? एवढ्याशा कामाला?”