कोरड्या तळ्यातली बोट

लातूर नवा जिल्हा झाला, पुरासाठी सरकारी मोटारबोट आली, आणि तिच्या पाठोपाठ दुष्काळ आला. बोट कोरड्या तळ्यात पडून राहिली. बॅटरी उतरू नये म्हणून राखणदार बसवंत तिच्या वायरी काढून ठेवायचा, तरी मेली दर आठवड्याला उतरायचीच. चौथ्यांदा ती सायकलवर लादून चार्जिंगला टाकून आला, तेव्हा तो घरात पाऊल टाकताच बायकोवर कडाडला, "बोट तसूभर हलंना, अन् बॅटरी खातंय कोन?"

गौरम्मानं त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. "बोटीतलं पानी बाहेर फेकायचा पंप हाय न्हवं? त्यो आमी बाया वायरी जोडून तळ्यात खांदलेल्या झिऱ्यात सोडताव."

बसवंतानं तांब्या गटागटा रिकामा केला.

"मग घागरी भरल्यावर वायरी तरी काढत जा की!"