वकीलसाहेबांच्या गाडीचं इंजिन

“हे इंजिन काढायचं आणि ते परत बसवायचं. आजच सुरुवात करा,” देवेश म्हणाला, आणि मयुरीच्या हातातला पाना हातातच राहिला.

‘हे’ म्हणजे लाल गाडीच्या पोटात बसलेलं नवं, चकचकीत इंजिन. ‘ते’ म्हणजे कोपऱ्यात साखळीला टांगलेलं जुनं काळं धूड. गाडी दोन सीटांची, उघड्या टपाची, विलायतेत बनलेली. अख्ख्या मलकापुरात अशी एकच. वामनराव वकिलांनी ती हौसेनं घेतली होती आणि जाताना लेकीच्या, रेवतीताईंच्या नावावर केली. ताई शाळेतून निवृत्त झाल्या तेव्हा त्यांनी ठरवलं, गाडीची पूजा पुरे झाली, आता ती चालवायची. हिवरा आश्रमापर्यंत जायचं आणि वाटेत ढकलायला माणसं शोधायची नाहीत. जुनं इंजिन दर वीस किलोमीटरला तापून बसायचं. म्हणून त्यांनी हे काम मयुरीला दिलं.

मयुरी म्हणजे इंद्रभान मिस्त्रीची लेक. हायवेच्या कडेचं बापाचं गॅरेज आता तीच चालवते. पोरीच्या जातीला इंजिन काय कळतंय, असं म्हणणारे शहाणे गावात पैशाला पासरी. चार महिने ती या गाडीखाली लोळली. जुनं इंजिन काढताना ते ज्या पायांवर बसतं त्यांचं गावठी वेल्डिंग पाहून तिनं बापाला विचारलं होतं, विलायती गाडीले असं काऊन? इंद्रभाननं चहा सांगायच्या निमित्तानं तिथून पाय काढला होता. काल तिनं नव्या इंजिनाची चावी फिरवली आणि ते पहिल्याच झटक्यात सुरू झालं. इंद्रभानचा ऊर भरून आला होता.

आणि आज ताईंचे हे पुण्याचे भाचे त्यांच्यासोबत दत्त म्हणून उभे! देवेशला जुन्या गाड्यांचं वेड. आजोबांची गाडी त्याला पुण्याच्या प्रदर्शनात न्यायची होती, आणि तिथं अस्सल इंजिनाशिवाय गाडी दारातसुद्धा उभी करत नाहीत. त्यानं टांगलेल्या इंजिनाच्या झाकणावरून हात फिरवला. झाकणावर कंपनीचं इंग्रजी नाव होतं.

“हे बघ आत्या. लहानपणी मी या इंजिनाचा आवाज दोन गल्ल्या आधी ओळखायचो. असा आवाज आपल्याकडच्या इंजिनाला येतच नाही.” मग तो मयुरीकडे वळला. “ओरिजिनल म्हणजे काय, हे तुम्हा लोकांना कळायचं नाही.”

या गॅरेजात कुणी जुनी गाडी आणू नये, असं आपण सगळ्यांना कळवणार आहोत, हेही त्यानं सांगून टाकलं. रेवतीताई बिचाऱ्या कात्रीत सापडल्या. बाबांची आठवण म्हटल्यावर त्यांचा धीर सुटला. मयुरीची नजर चुकवत त्या हळूच म्हणाल्या, बसव बाई परत.

मयुरीनं पाना लावला आणि स्वतःच्या हातानं आवळलेला पहिला नट सैल केला.

स्टुलावर बसलेल्या इंद्रभानला ते बघवेना. ‘तुम्हा लोकांना’ हे त्यानं जन्मभर ऐकलं होतं आणि गिळलं होतं. पण ते त्याचं स्वतःचं होतं. लेकीच्या वाट्याचं त्याला गिळता येईना. वकीलसाहेबांना त्यानं एक शब्द दिला होता आणि तो आजवर पाळला होता. माणूस भला होता. पण मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोठा की समोर राबणारी लेक?

तो उठला. त्यानं फडकं डिझेलमध्ये बुडवलं आणि टांगलेल्या इंजिनाची खालची कड घासायला घेतली. काळं ग्रीस सुटायला वेळ लागला. मग त्यानं देवेशला वाकायला सांगितलं. देवेश पँट सावरत गुडघ्यावर बसला. लोखंडात छिन्नीनं कोरलेली अक्षरं होती. इंद्रभान. मलकापूर. १४ एप्रिल १९८४.

“विलायती इंजिन वडनेर भोलजीजवळ फुटलं,” इंद्रभान म्हणाला. “हे अँबेसिडरचं हाये, उलटलेल्या टॅक्सीतलं. मी बसवलं. झाकण तेवढं जुन्याचं ठेवलं. वकीलसाहेबांनी गावाले सांगितलं, मुंबईच्या कारागिरानं दुरुस्त केलं, आन् मले म्हणाले, हे आपल्यातच राहू दे. तुमी दोन गल्ल्यांवरून वयखत होते तो आवाज माह्या हातचा हाये.”

रेवतीताई वाकल्या आणि त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं. मग त्यांनी मयुरीच्या हातातला पाना काढून घेतला आणि तो सैल नट स्वतः आवळायला लागल्या. उलटाच फिरवत होत्या, पण मयुरीनं त्यांना टोकलं नाही.

देवेशचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पण गडी हुशार. त्यानं आवाज खाली आणला. झाकण तर खरं आहे ना, म्हणाला, खाली वाकून कोण बघतंय? हेच इंजिन बसवू आणि ही गोष्ट आपल्यातच राहू द्या.

“एकदा राह्यली,” इंद्रभान म्हणाला. “चाळीस वर्सं राह्यली.”

त्यानं फळीवरून जुनी छिन्नी आणि हातोडी काढली आणि लेकीच्या हातात दिली. मयुरीला कळलं. ती सवयीनं गाडीखाली शिरायला वाकली, तसा त्यानं तिचा दंड धरला.

“खालून नाही, बाई. वरून कोर. बॉनेट उघडलं का पयले तुहं नाव दिसलं पाह्यजे.”