एक फळी कमी

"टाळ्या जोरात हं! नव्या माणसाला आणि नव्या शेपटीला!" धाकटी ओरडली आणि मैदानावरची सगळी कुत्री एकदम भुंकली.

टेलरकाका लाजले. त्यांच्या काखेत त्यांची कुत्री टाचणी होती. मूठभर जीव, कान तेवढे मोठे. बेकरीवाल्याच्या धिप्पाड कुत्र्याने तिला नाकाने ढकललं, तशी ती त्याच्यावरच गुरगुरली.

"अरे वा! तोंडाने तर अगदी आमची ताई!" धाकटी म्हणाली.

सगळे हसले. ताईही हसली, पण जरा उशिराने.

धाकटी नुसती उडत होती. महिनाभर शाळा सुटली की तिनेच टाचणीला शिकवलं होतं. चार अडथळ्यांवरून उड्या मारत जायचं, टोकाच्या खोक्यावर पंजे दाबायचे, फट्कन चेंडू उडतो, तो तोंडात धरून परत. मग पुढचं कुत्रं सुटतं; सामन्यात संघाची चारच धावतात. तिचा कुत्रा बटण आधी करून दाखवायचा, टाचणी मागोमाग. "बटण आणि टाचणी," काका म्हणायचे, "आमच्या दुकानातलंच सगळं!"

"टाचणीचं माप घे," ताई म्हणाली. ती संघाची कॅप्टन. घरीही तीच.

संघातल्या सगळ्यात बुटक्या कुत्र्याच्या मापाने सगळ्यांचे अडथळे लावायचे, हा खेळाचा नियम. आजवर तो मान बटणचा. टाचणी बटणहून बोटभर कमी भरली.

"एकेक फळी काढ."

धाकटीने चारही अडथळ्यांची वरची फळी उपसली. "घे गं बाई, तुझ्यासाठी एवढं तर करणारच!" टाचणी राखीव, सरावापुरतं असेल, असं तिला वाटलं.

तेवढ्यात टेलरकाकांनी पिशवीतून एक छोटी गादी काढली. निळी, मऊ, मधोमध भलंमोठं बटण टाचलेलं.

"तुझ्या बटणसाठी शिवलीय. आता बिचाऱ्याला घरीच बसायचं. सांधे दुखत असताना गार फरशी नको."

"कुणाचे सांधे?"

"बटणचे. पायांनी दगा दिला, रविवारच्या सामन्यात तो नसणार, असं तुझी ताई म्हणाली ना? म्हणून तर आमची टाचणी..." धाकटीचा चेहरा पाहून काका थांबले.

बटण तिच्या बुटाची नाडी ओढत होता. शेपटी पंख्यासारखी गरगरत होती.

"ताई, काय झालंय ह्याला?"

"हळू बोल. लोक आहेत."

"काय झालंय?"

"काही नाही. पण फळी खाली आली की मोठी कुत्री किती सुसाट जातात, बघशीलच. ह्या वेळी जिंकू आपण."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

ताई खाली वाकून बटणच्या जाकिटाचा पट्टा सोडवू लागली. "सांगितलं असतं, तर टाचणीला इतकं मनापासून शिकवलं असतंस?"

धाकटीने बेकरीवाल्याकडे पाहिलं. तो एकदम आपल्या कुत्र्याच्या कानात काहीतरी शोधायला लागला. म्हणजे त्यालाही माहीत होतं.

बटणचं पिवळं जाकीट टाचणीच्या अंगात गेलं. जरा सैल झालं. टेलरकाकांचे हात सवयीने शिवण चिमटीत धरायला पुढे आले आणि तसेच मागे गेले.

"ज्याचं कुत्रं धावत नाही, त्याने खोक्यात चेंडू भरायचे," असं म्हणून ताईने टोपली पुढे केली. धाकटीने ती घेतली. सगळ्यांदेखत रडण्यापेक्षा चालत टोकाला जाणं बरं.

बटणला काकांनी गादीवर बसवलं, पट्टा हातात धरला.

शिट्टी वाजली. मोठी कुत्री खरंच सुसाट गेली. एक कुत्रं चेंडू घेऊन परतलं की धाकटी वाकून पुढचा चेंडू भरायची, वर बघायची नाही. शेवटी टाचणी सुटली. शेवटची पाळी नेहमी बटणची असायची. टाचणी सुरेख धावली, अगदी जशी शिकवली होती तशी. तिने रेष ओलांडली आणि ताई आनंदाने किंचाळली.

आणि बटण गादीवरून उठला. आपली पाळी गेली, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. काकांच्या हातून पट्टा निसटला. चारही अडथळे त्याने असे पार केले, की पोट आणि फळी यांच्यामध्ये हातभर उजेड दिसला.

"अहो, पण हा तर..." टेलरकाका म्हणाले.

बटणने खोक्यावर दोन्ही पंजे दाबले. चेंडू आला नाही. त्याने पुन्हा दाबले. मग मान वर करून धाकटीकडे पाहिलं.

चेंडूंची टोपली तिच्याच हातात होती.