सतरा नंबरची नळी

मधुमेहाच्या नव्या औषधाच्या चाचणीतला सतरा नंबर म्हणजे प्रयोगशाळेतल्या बाईंचा नवरा. तो जाऊन वर्ष झालं, तरी दर मंगळवारी बर्फाच्या पेटीतून त्याच्या ताज्या रक्ताची नळी येतेच.

बाई मुकाट्याने तपासतात. साखर वाढलेली दिसली की नळीलाच दटावतात, "अहो, तिथंही चोरून गोड खाताय?"

"बाई, वर कळवा आता," शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणतो.

"कळवते हो उद्या."

बाईंचा तो उद्या काही उजाडत नाही.

आज नळी पेटीत नव्हती. बाईंच्या टेबलावर होती, आणि कोमट. रक्त घ्यायची खोली भिंतीपलीकडेच. ती आज बंद होती, तरी आतली खुर्ची करकरली.

बाईंनी हातमोजे उतरवले. दार लोटण्याआधी केस सारखे केले.