दारावरची मिरची

सकाळी लावलेली मिरचीची रोपं दुपारच्या उन्हात माना टाकून पडली. उन्हाळी रोपं सांजेलाच लावायची, हे सासू मरेपर्यंत सांगत होती. शेवंताने घाई केली. सासूने जपलेल्या वाणाचं घरातलं सगळं बी त्याच रोपांत गेलं होतं.

ती गावभर विचारून आली. तो वाण कुणाकडेच उरला नव्हता. मग तिला थोरल्या जावेचं दार आठवलं. दोघींच्या भांडणाआधी शेवंतानेच दिलेल्या मिरच्या तिथे लिंबासोबत टांगल्या होत्या, वाळून लाल झालेल्या.

पौषापासून न चढलेली पायरी ती चढली. दोऱ्याला हात लागला, तोच जाऊ दारात आली.

“तुजी नजर लागू नये म्हनून बांधलीया ती.”

“ठावं हाय.” शेवंताने हात खाली घेतला. “तरी द्या, अक्का. आत्याबाईंचं बी एवढंच ऱ्हायलंय.”

जाऊ आतून स्टूल घेऊन आली. त्यावर चढली, दोरा तोडला आणि मिरच्या शेवंताच्या ओटीत टाकल्या.

“राखंत घोळून बी टाक,” ती म्हणाली. “रोपं मातूर म्या लावनार. सांजच्याला.”