सगळे वळले तेव्हा

"अहो, आईंना भुताच्या सिनेमाला नेताय? डोकं ठिकाणावर आहे ना?" बायको दारातच आडवी आली.

तिचंही खोटं नव्हतं. माझ्या आईला कानात आवाज ऐकू येतात. गोळ्यांनी कमी झाले, थांबले नाहीत. पण या हिंदी सिनेमाच्या साउंडचं काम माझं होतं, आणि नायिकेच्या डोक्यातली कुजबुज मी आईला विचारून विचारूनच तयार केली होती. आई तर केव्हाच चपला घालून तयार. "माझी मेहनत आहे त्यात, मी बघणारच."

थिएटरात अंधार झाला, तसा माझा जीव टांगणीला लागला. अचानक मागच्या स्पीकरांतून कुजबुज उमटली आणि अख्खं थिएटर दचकून मागे वळलं. बायको तर किंचाळलीच. आई तेवढी जागची हलली नाही. समोरच्या रांगांतले ते वळलेले चेहरे ती एकटक बघत राहिली. तिच्या डोळ्यांना धार लागली होती.

"आई, घरी जाऊ या का?"

"बस रे गप." तिनं हात जोडले. "इतकी वर्षं मी अशी वळायचे आणि तुम्ही सगळे माझ्याकडे बघायचात. देवा, आज सोबत दिलीस."