बाबांचं ‘बरं’

दूरच्या कॉलेजचं उत्तर आलं तेव्हा ठमी एका चार वर्षांच्या पोरीकडून ‘क’ काढून घेत होती.

पोरगी कावळ्याला ‘तावळा’ म्हणायची. ठमी समोर गुडघ्यांवर हात ठेवून गप्प बसली होती. पोरीने छताकडे पाहिलं, मोजा ओढला, जीभ बाहेर काढून आत घेतली. ठमीला घाई नव्हती. शेवटी आला एकदाचा कावळा, ‘क’सकट.

“अशी थांबता येणारी मदतनीस नशिबाने मिळते,” दवाखान्यातल्या थेरपिस्ट बाई म्हणाल्या. “लवकर शिकून ये. माझी खुर्ची तुझ्यासाठी राखून ठेवते.”

बोलण्याचे दोष सुधारण्याचं पुढचं शिक्षण घ्यायला ठमीने चार ठिकाणी अर्ज केले होते. एकाने नाही म्हटलं. एकाने लटकवून ठेवलं. जवळच्या कॉलेजने हो म्हटलं. आणि आता मोबाइलवर दूरचंही हो म्हणत होतं. त्याला लागूनच मुलांचं मोठं हॉस्पिटल होतं. जन्मात एक शब्द न बोललेली पोरं तिथे बोलायला लागायची. ठमी कॉलेजात असल्यापासून त्याच्या नावाने झुरत होती.

उद्या दुपारपर्यंत विभागात फोन करून होय की नाही ते सांगायचं होतं.

ठमी हसली. मग तिला घर आठवलं.

बाबा जुन्या सामानाच्या बाजारात लिलाव पुकारायचे. बाजार त्यांना तोफ म्हणायचा. तीन पायांच्या खुर्चीची अशी तारीफ करायचे की विकणाऱ्यालाच ती परत घ्यावीशी वाटायची. गेल्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला. हातपाय सावरले, पण तोफेत एकच गोळा उरला.

“बरं.”

चहा देऊ? बरं. पंखा बंद करू? बरं. शेजारचे काका देवाघरी गेले. बरं.

त्या संध्याकाळी ठमीने बाबांसमोर दोन्ही कॉलेजं मांडली. आत्या बाजूला भाजी निवडत बसली होती. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. झटक्यानंतर बॅग घेऊन आठवड्यासाठी आली आणि राहिलीच.

“मी जवळचंच घेते,” ठमी म्हणाली. “चालेल ना, बाबा?”

बाबांनी मान वर केली. ओठ हलवले. “ठ... ठ...”

“ठरलं ना? मलाही तेच वाटतं.”

बाबांनी ओठ मिटले. “बरं.”

“अगं, त्याला बोलू तरी दे,” आत्या म्हणाली.

“किती त्रास होतो त्यांना, आत्या. घाम फुटतो.”

“लिलावातही फुटायचा. तेव्हा कोणी टॉवेल घेऊन धावत नव्हतं.”

“मी गेले तर त्यांच्या वतीने बोलणार कोण? दूधवाला, डॉक्टर, बँक?”

“मी काय मुकी आहे?”

“तू भांडतेस.”

“बोलण्यापेक्षा ते बरं. काम लवकर होतं.” आत्याने देठ मोडला. “जवळ काय शिकवतात?”

“तेच. पुस्तकातून.”

“आणि तिकडे?”

“तिकडे पोरांकडून.”

“मग?”

“मग काही नाही. ठरलंय माझं.” तिने दूरच्या कॉलेजचा नंबर कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवला. सकाळी नाही म्हणायला धीर झाला नसता, म्हणून डोळ्यांसमोर असलेला बरा.

सकाळी ती फोन उचलतच होती, तेवढ्यात आत्याने इस्त्री तिच्या हातात दिली.

“बंद पडलीय. दुरुस्त करून आण. चौकातल्याकडे नको, तो चोर आहे. स्टेशनाजवळच्याकडे जा.”

“फोन करून जाते.”

“फोनला काय पाय फुटलेत? दुपारपर्यंत वेळ आहे तुला. मला पडदे करायचेत इस्त्री.”

आत्याशी वाद घालण्यापेक्षा स्टेशन जवळ होतं. दुकानदाराने इस्त्री लावली, ती तापली. त्याने ठमीकडे पाहिलं, ठमीने इस्त्रीकडे. “आत्या म्हणाली बंद पडलीय.” “म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं,” तो म्हणाला. पैसेही घेतले नाहीत.

ती परतली तेव्हा बाबा खुर्चीत रेलले होते. सदरा पाठीला चिकटलेला, केस विस्कटलेले. आत्या त्यांना कोमट पाणी पाजत होती.

“काय झालं?”

“व्यायाम केला त्याने.”

“कसला?”

“दमवणारा.” आत्याने ग्लास खाली ठेवला. “इस्त्री झाली?”

“तिला काही झालंच नव्हतं.”

“बघ, तुझ्या हाताला गुण आहे.”

ठमीने बाबांचं कपाळ पुसलं. ते हळूच हसले. असं हसताना तिने त्यांना वर्षभरात पाहिलं नव्हतं.

“बाबा, करते फोन. नाही म्हणून सांगते.”

“बरं,” बाबा म्हणाले. जरा लवकरच म्हणाले.

गॅलरीत जाऊन तिने वाक्य मनात घोकून घेतलं आणि नंबर लावला. पलीकडे विभागातल्या बाई होत्या. ठमीने नाव सांगितलं आणि एका दमात बोलून टाकलं, “माझी निवड केलीत, आभारी आहे. पण मी येऊ शकत नाही. वडील आजारी आहेत. त्यांना बोलता येत नाही.”

“अजिबात नाही?” बाईंनी विचारलं.

“एकच शब्द.”

पलीकडे कागद सरकवल्याचा आवाज आला. बाई खाकरल्या. आपण हसतोय हे कळू नये म्हणून माणूस खाकरतो, तसं.

“मग सकाळी माझ्याशी कोण बोललं? बराच वेळ लागला त्यांना. पण आमचं कामच ते, मी मध्ये बोलले नाही. निरोप मोठा नव्हता. म्हणाले, ‘ठमी फोन करेल. नाही म्हणेल. ऐकू नका.’”